मौनी महाराजांची ज्योत

शिवणयंत्राच्या फळीवर फोन उभा केला होता आणि त्याच्याभोवती सगळी गल्ली वाकली होती. इस्त्रीवाला इस्त्री तशीच टाकून आला होता. औषधांच्या दुकानाचे मालक गिऱ्हाइकाला ‘आलोच’ म्हणून सटकले होते. पडद्यावर एक ज्योत थरथरत होती आणि तिच्याखाली ‘आत्ता आपल्यासोबत दर्शन घेणारे भक्त’ असा आकडा सरसर चढत होता.

“बाळांनो, मी मौनात आहे,” फोनमधून आवाज आला. मौनी महाराज सकाळपासून मौनात होते आणि सकाळपासून बोलतच होते. “पडदा सोडू नका. तुम्ही गेलात की ज्योत मंदावते. ज्योत मंदावली की घर मंदावतं.”

ज्योत उंच झाली, घंटा वाजली आणि अक्षरं उमटली. दुकान ज्यांचं होतं त्या शिवणकाम करणाऱ्या काकूंनी ती बोट फिरवत मोठ्यानं वाचली. केस पिकायला लागल्यावर त्या वाचायला शिकल्या होत्या. मोठ्या अक्षरांवर त्यांचा फार जीव.

‘या क्षणी तुमची ताई तुमची आठवण काढत आहे.’

“अरे बाप रे! ताई?” इस्त्रीवाला म्हणाला. “काकू, तुम्हाला बहीण आहे हे महाराजांना सांगितलं कुणी?”

“अंतर्ज्ञान,” मालक म्हणाले. “मी विज्ञान शिकलेला माणूस, पण काही गोष्टी...” वाक्य त्यांनी नेहमीप्रमाणे अर्धंच सोडलं.

काकूंचे डोळे भरून आले. ताई मागच्याच गल्लीत एकटी राहायची. तिच्या घराची दुसरी किल्ली इथंच, कात्रीच्या खिळ्याला अडकवलेली असायची. उठून एक फेरी मारावी असं काकूंच्या मनात आलंही. तेवढ्यात पडद्यानं सांगितलं, ‘ताईसाठी ज्योत तेवती ठेवा. आणखी थोडा वेळ.’ काकू बसल्या. थोड्या वेळानं पुन्हा घंटा, पुन्हा ताईची आठवण, पुन्हा गल्लीचं ‘वाहवा’. त्या नादात त्यांनी एका सदऱ्याच्या दोन्ही बाह्या एकाच अंगाच्या कापल्या. उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं, आणि झालं तेही त्यांना कळलं नाही.

संध्याकाळी ताईची मुलगी दारात उभी राहिली. ती शाळेत संगणक शिकवायची.

“मावशी, आई न्हाणीघरात पडली. सकाळपासून फरशीवर होती. शेजारणीनं आवाज ऐकला म्हणून कळलं तरी. फोन हाताशी होता. माझा शाळेत बंद असतो आणि किल्ली तुझ्याकडे, म्हणून तुलाच फोन करत राहिली. का नाही घेतलास?”

“फोन? वाजलाच नाही गं!”

दवाखान्यात ताईच्या पायाला वजन लावून ठेवलं होतं. धाकटीला बघून ती हसली. “असू दे गं. म्हटलं, कामात असशील.”

काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणे कामात! घाईघाईनं त्यांनी महाराजांना पुढं केलं. “पण मला कळलं होतं, ताई! महाराजांनी सांगितलं, तू माझी आठवण काढतेस म्हणून...”

भाचीनं फोन हातात घेतला, पाहिला आणि मावशीला व्हरांड्यात नेलं.

“हे बघ. आईचा फोन आला की लगेच महाराजांचा निरोप. पुन्हा फोन, पुन्हा निरोप. मावशी, आई आठवण काढत नव्हती गं. हाक मारत होती.”

काकू भिंतीला टेकल्या.

“‘मौनव्रत घ्या’ असं बटण दाबलंस ना?”

“दाबलं. हिरवं, मोठं, चमकत होतं. दुसरं काही नव्हतंच तिथं.”

“होतं.” भाचीनं तोच पडदा पुन्हा उघडून दाखवला. पांढऱ्यावर फिकट राखाडी, मुंगीएवढं: ‘नको’. “हिरव्या बटणानं तू या अ‍ॅपला फोनची घंटा बंद करायची परवानगी दिलीस. आणि कोण फोन करतंय ते बघायचीही.”

“म्हणजे ताई फोन करतेय हे त्याला ठाऊक होतं,” काकू हळू बोलल्या, “आणि तरी ‘ऊठ, जा’ म्हणाला नाही.”

“तू उठली असतीस तर पडदा सुटला असता. तू जितका वेळ बघणार तितक्या जाहिराती. त्याचं पोट त्यावरच.”

“जाहिरात गुडघ्याच्या तेलाची होती,” काकू म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या.

दुसऱ्या दिवशी फोनमधून महाराजांना गुपचूप काढून टाकता आलं असतं. पण काकूंनी दुकान उघडलं तेव्हा इस्त्रीवाला धावत आला. “काकू! महाराजांनी ताईंना वाचवलं म्हणे!” गल्लीनं रातोरात चमत्कार पुरा करून टाकला होता.

“सगळ्यांना बोलाव,” काकू म्हणाल्या. भाची शेजारी उभी होती. गर्दी जमल्यावर काकूंनी ज्योत लावली. “आता तुझ्या फोनवरून मला फोन लाव,” त्या इस्त्रीवाल्याला म्हणाल्या.

त्यानं लावला. काकूंचा फोन गप्प. ज्योत उंच झाली, घंटा वाजली: ‘या क्षणी तुमची इस्त्रीवाला तुमची आठवण काढत आहे.’

“माझी बाई केली की हो!” इस्त्रीवाला ओरडला. “आणि मी तर इथं समोर उभा आहे!”

हशा पिकला. भाचीनं काकूंच्या फोनचं इंटरनेट बंद केलं. बाहेरून काही येण्याची वाटच उरली नाही, तरी भक्तांचा आकडा चढतच राहिला.

“मालक, हे भक्त येतात कुठून?” तिनं विचारलं.

मालकांनी चष्मा काढून पुसला. “मीही दाबलंय ते हिरवं बटण,” ते म्हणाले. या वेळी वाक्य पुरं झालं होतं.

“हसा, मला हसा,” काकू म्हणाल्या. “माझी बहीण फरशीवर पडली होती आणि मी दिव्याच्या चित्राला सांभाळत बसले होते. पण घरी जाऊन आपापला फोन बघा. जे बटण चमकतं, त्याच्या खाली काय फिकट लिहिलंय ते वाचा. आणि ‘जाऊ नका’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, मी थांबले तर भलं कुणाचं?”

त्या ज्योत बंद करायला लागल्या. महाराज गहिवरले, “जाऊ नका. ताईसाठी तरी!” काकूंनी डोळे बारीक करून कोपऱ्यातली फिकट फुली शोधली आणि दाबली. मग भाचीकडून घंटा चालू करून घेतली.

दुपारी फोन खणखणला तेव्हा त्याच्या आवाजानं त्या दचकल्या.

“कामात आहेस का गं?” ताईचा आवाज.

समोर त्या एकाच अंगाच्या दोन बाह्या पडल्या होत्या. काकूंनी त्या बाजूला सारल्या.

“नाही ताई. निघालेच.”