सगळ्यात मंद वकील

घर विकायचं ठरलं तेव्हा माझा नवरा क्लाइव्ह म्हणाला, "वकील तूच निवड, मोइरा. तुला वेळ आहे." त्याला कुठला वेळ? त्याची नवी बाई गरोदर होती, आणि आमचं घर विकून आलेल्या पैशांत त्या दोघांना समुद्राकाठी घर घ्यायचं होतं.

मी दलालाला विचारलं, "गावातला सगळ्यात मंद वकील कोण?" तो हसला. मग माझा चेहरा बघून त्यानं मुकाट्यानं थ्रोसलसाहेबांचं नाव सांगितलं.

आमच्याकडे घराच्या व्यवहारात सह्या केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत घेणारा-विकणारा कुणीही माघार घेऊ शकतो. मागचं कुंपण कुणाच्या मालकीचं, एवढं घेणाऱ्याच्या वकिलाला कळवायलाच थ्रोसलसाहेबांनी नऊ आठवडे लावले, तेही टपालानं. तेवढ्या वेळात क्लाइव्हनं पसंत केलेलं समुद्राकाठचं घर दुसऱ्यानं घेतलं.

क्लाइव्हचा फोन आला. "बाळ पुढच्या आठवड्यात येतंय, आणि आम्ही तिच्या आईच्या सोफ्यावर झोपतोय. वकील बदलायला तुझीही सही लागते. हात जोडतो, मोइरा."

अठरा वर्षं मी त्याच्याकडे मूल मागत होते. तेव्हा तो दर वेळी जे म्हणायचा, तेच मी म्हटलं.

"घाई काय आहे?"