बिनपंख्याची चिप

पोटभर जेवलेला माणूस नाही म्हणायला आळसावतो, असा ताईंचा हिशेब होता. म्हणून गिऱ्हाइकाला त्यांनी मुद्दाम दुपारी बोलावलं. गिऱ्हाईक म्हणजे दवाखान्यात खाटेशेजारी ठेवायची श्वासाची यंत्रं बनवणारे गृहस्थ. त्यांनी होकार दिला तरच ताईंची चिप कंपनी तगणार होती. नाहीतर ती मोठ्या घराच्या घशात जाणार. 'मोठं घर' हे बाजार व्यापून बसलेल्या प्रतिस्पर्ध्याला ताईंच्या धाकट्या भावानं ठेवलेलं नाव. ताईंची चिपही या भावानंच आखलेली.

टेबलावर दोन डबे होते. एकात मोठ्या घराची चिप, दुसऱ्यात यांची. दोन्हींना एकच काम दिलं. मोठ्या घराच्या चिपनं पंखा घरघरवत ते चुटकीसरशी उरकलं. यांची आपली निवृत्त मास्तरांसारखी रमतगमत चाललेली.

"शर्यत कशाला लावलीस?" ताई धाकट्याच्या कानाशी पुटपुटल्या.

"तूच म्हणालीस, तुलना दाखव."

"तुलना म्हटलं होतं, फजिती नाही."

जिंकून वर घरघरणारा तो डबा ताईंना बघवेना. त्यांनी तो बंद करून टाकला.

पंखा थांबला आणि खोली जणू पाण्याखाली गेली. पडदा फुगून पुन्हा निजला. उन्हाचा तुकडा टेबलावरून सरकत डब्याला टेकला. गृहस्थांची मान हळूहळू कलली.

"ताई, गिऱ्हाईक झोपलं."

"मग तू तरी गप्प बस."

जांभया देणारी गिऱ्हाइकं ताईंनी खूप पाहिली होती, पण घोरणारं पहिलंच. हे जमेला धरायचं की खर्चाला, हे ठरवता ठरवता त्यांचेही डोळे जड झाले. त्यांना खाटांची लांबच लांब रांग दिसली. उशाशी एकेक डबा, कशाचाच आवाज नाही, आणि एका खाटेवर लहानपणीचा धाकटा, तोंड उघडं टाकून झोपलेला.

"हे बंद पडलं का?" गृहस्थ डोळे चोळत विचारत होते.

"नाही हो, मघापासून चालूच आहे," धाकटा म्हणाला. "आत्ताच काम संपलं. हिला पंखा लागत नाही."

गृहस्थांनी डब्यावर तळवा ठेवला. डबा जेमतेम कोमट होता.

"आमचे पेशंट पंख्याच्या आवाजानं रात्रभर कूस बदलतात. श्वास मोजायला हिचा वेग पुरेल?"

"पुरून उरेल."

"मग कागद तयार करा."

"पुढची चिप तर दुप्पट वेगाची, फक्त एक छोटासा पंखा..." धाकट्यानं सुरुवात केली.

टेबलाखाली ताईंनी त्याचा पाय दाबून धरला, आणि गृहस्थ जिना उतरेपर्यंत सोडला नाही.