वीतभर स्वयंपाकघर

मी एक जुनं स्वयंपाकघर आहे, मित्रांनो. हसू नका. माझी उंची जेमतेम वीतभर, भिंती पुठ्ठ्याच्या आणि शेगडीवरचं पातेलं म्हणजे खोकल्याच्या औषधाचं झाकण. तरीही माझ्यात एक बाई राहत होती आणि तिला बाहेर पडायचं होतं.

मला रुमानाने घडवलं, विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर. त्यामुळे घरचे बरेच दिवस खाली बसून जेवले. तिचे अब्बा अय्युबभाई खडकीच्या कारखान्यात दारूगोळ्याच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना सरकारी क्वार्टर सोडावं लागलं. त्या क्वार्टरचं स्वयंपाकघर म्हणजे मी. रुमानाने खिडकीची जाळी चहाच्या गाळणीतून कापली, फोडणीचे डाग हळदीने रंगवले. तिची अम्मी परवीन मला न्याहाळून म्हणाली, "नळ गळायचा. ते विसरलीस." मग नळाखाली पारदर्शक गोंदाचा एक थेंब आला. त्याचा मला फार अभिमान वाटे.

माझ्यातली बाई म्हणजे तारेच्या सांगाड्यावर साडी नेसवलेली बाहुली. रुमाना एका स्पर्धेसाठी छोटी फिल्म करत होती; तीत ही बाई गॅस बंद करते, दार उघडते आणि क्वार्टर सोडून जाते. एवढंच. पण बाहुली आपणहून थोडीच चालते? रुमाना तिला केसभर हलवी, फोटो काढी, पुन्हा केसभर हलवी. मध्येच काही सरकलं तर सगळी मेहनत वाया. म्हणून माझी भांडी चिकटवलेली होती आणि बाहुलीचा पाय दर पावलाला खालून स्क्रूने आवळला जाई. फक्त दार सैल होतं, कारण तेच उघडायचं होतं.

दार अर्धं उघडलं, बाहुलीचा हात कडीवर होता आणि रुमाना जरा बाहेर गेली. तेवढ्यात अय्युबभाई आले. कारखान्यात एखादी वस्तू सैल दिसली की ते ती लगेच आवळायचे. ती सवय काही निवृत्त झाली नव्हती. माझं दार डुगडुगताना पाहून त्यांना वाटलं, पोरीचं एवढं काम राहिलंय. त्यांनी मोठ्या प्रेमाने बिजागऱ्यांत कडक गोंद भरला.

रुमानाने आल्यावर दार ओढून पाहिलं.

"अब्बा, हे तुम्ही पक्कं केलंत?"

"मग! आता वाघ आला तरी हलणार नाही."

"छान. आता माझी फिल्मही हलणार नाही."

जोर लावला तर चौकट फाटली असती. स्पर्धेची तारीख उलटून गेली, रुमाना जाहिरातीच्या कंपनीत नोकरीला लागली आणि माझी बाहुलीसकट खोक्यात बंद होऊन माळ्यावर रवानगी झाली. मित्रांनो, अंधाराची सवय होते. पण समोर एक बाई कडीला हात लावून उभी आहे, दार अर्धं उघडं आहे, आणि तरी तिला जाता येत नाही, हे बघणं मला सोसवेना. तिचा पाय माझ्याच जमिनीत अडकलेला. मीच तिचा तुरुंग झालो होतो.

यंदा ईदला मोठी परात काढताना परवीनच्या हाती खोकं लागलं. तिने चिकटपट्टी काढली आणि आत पाहिलं.

"हिला अशीच उभी ठेवलीत?"

अय्युबभाई उठले. नखांचं पॉलिश काढायचं औषध घेऊन, काडीला कापूस गुंडाळून ते माझ्यापुढे बसले. थेंबाथेंबाने गोंद विरघळला. चौकटीचा रंग गेला, पण दार हललं. रुमानाने कॅमेरा लावला.

बाहुली उंबऱ्यापर्यंत पोचली, तेव्हा परवीन म्हणाली, "थांब. मी अशी सरळ नव्हते गेले. मागे वळून पाहिलं होतं."

मग रुमानाने बाहुलीची मान केसाकेसाने वळवली. खोक्यात मला तिची फक्त पाठच दिसत होती. तिने शेगडी पाहिली, जाळी पाहिली, गळका नळ पाहिला. मग ती गेली.

आता मी कपाटावर आहे, रिकामं. दार उघडंच असतं. मित्रांनो, कुणाची वस्तू सैल दिसली म्हणून आवळायला जाल, तर आधी विचारा, तिचं काही चालू आहे का. आणि कधी मला पुसायला घेतलंत, तर नळाखालचा थेंब तेवढा राहू द्या.