पूर्ण ताकद, घराबाहेर

आमच्या घरात दिवसा कुणी बोलत नाही. भांडणसुद्धा कुजबुजत होतं. बाबा रात्रभर बंदरावर क्रेन चालवतात आणि दिवसा पडद्यामागे झोपतात. घर म्हणजे दीड खोली, त्यामुळे बाबांची झोप ही घरातली सगळ्यात मोठी वस्तू. कपाटापेक्षा मोठी. तिला धक्का लागू नये म्हणून मी आणि आई तिच्या कडेकडेनं वावरतो. माणसांच्या डोक्यावरून कंटेनर फिरवणाऱ्या माणसाची झोप मोडायची नसते, हे मला चालायला लागल्यापासून माहीत आहे.

दुसरी मोठी वस्तू म्हणजे आईचा लॅपटॉप. ती झाकणांचे साचे डिझाइन करते. तुमच्या डब्याचं झाकण टक्कन बसत असेल तर तिचे आभार माना, बसत नसेल तर ते दुसऱ्या कुणीतरी केलंय. लॅपटॉप करड्या रंगाचा, विटेसारखा जड, आणि त्यात वर्कस्टेशनचं ग्राफिक्स कार्ड. किंमत ऐकून मी उडाले होते. एवढं महागडं कार्ड म्हणजे गेम काय पळेल, असं वाटून यंदा शाळेच्या गेमिंग संघासाठी मी चक्क हात वर केला. मी! गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही जिचा आवाज मागच्या बाकाच्या पुढे जात नव्हता, ती मी!

आणि तोंडावर आपटले.

गेम सुरू व्हायचा झकास. सेकंदाला नव्वद-नव्वद फ्रेम, म्हणजे चित्रं. पाचेक मिनिटं गेली की कुणीतरी पाय बांधल्यासारखं सगळं अडखळायला लागायचं. पंचवीस, बावीस. शत्रू दारातून आत येताना दिसायचाच नाही. एकदम माझ्या नाकासमोर उगवायचा आणि मी मेलेली असायचे.

"हेडक्लार्क, फाइल सरकली का?" शिट्टी विचारायचा. शिट्टी म्हणजे संघातला राखीव गडी. त्याचा कीबोर्ड इंद्रधनुष्यासारखा चमकतो आणि त्याला माझी जागा हवी होती. हेडक्लार्क हे माझं नाव त्यानंच ठेवलं, माझ्या ऑफिसछाप लॅपटॉपवरून. मी माइकवर कधी उत्तर द्यायचे नाही. कशी देणार? पडद्यामागे बाबा. मी टाइप करायचे, आणि टाइप होईपर्यंत विषय बदललेला असायचा.

शेवटी आमची कप्तान, जी माझ्यापेक्षा एका वर्गानं मोठी आणि दहा वर्गांनी कडक आहे, म्हणाली, "शनिवारी दुपारी दुसऱ्या शाळेशी सराव सामना आहे. तुझा लॅपटॉप परत बसला तर जागा शिट्टीची. राग नको मानूस."

राग कसला मानणार? पण जागा सोडायची नव्हती. ही एकच जागा होती जी मी मागून घेतली होती. बाकी सगळं मला आपोआप मिळालंय, चष्म्यापासून मोठ्या चुलतबहिणीच्या दप्तरापर्यंत.

आठवडाभर मी त्या कार्डाच्या मागे लागले. वाचलं, मोजलं, डोकं फोडलं. तेव्हा कळलं की गेमिंगच्या कार्डाचं हे सख्खं भावंड आहे. चिप तीच, वळण वेगळं. रेषा चुकू नये, दिवसभर न दमता काम व्हावं, यासाठी वाढवलेलं. जरा सावकाश, पण गेम खेळताच येऊ नये इतकं नक्कीच नाही. मग हे का बसतंय? आकडे बघितले तर कार्डाला हवी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच वीज मिळत होती. कुणीतरी त्याचा गळा आवळून धरला होता.

ते कुणीतरी म्हणजे आई होती.

"शांत मोड लावलाय मी," ती कांदा चिरावा तितक्या सहज कुजबुजली. "लॅपटॉपचा पंखा मोठ्यानं फिरला की बाबा उठतात. माझी झाकणं होतात त्यात."

"आई, मी पूर्ण ताकदीचा मोड लावू? फक्त शनिवारी?"

"लाव की. पण या घरात नाही."

आईला वाटलं विषय संपला. मला वाटलं परवानगी मिळाली.

शनिवारी आई साच्याची चाचणी बघायला कारखान्यात गेली. मी बाबांच्या पडद्याजवळच्या सॉकेटमध्ये एक्स्टेंशन लावलं, वायर जमिनीवरून दाराखालून बाहेर काढली, आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर मांडी ठोकून बसले. लॅपटॉप पाटावर. दार ओढून घेतलं. वायफाय दाराला पाठ टेकली की येत होतं. पूर्ण ताकद! पंखा असा घोंगावला की खालच्या मजल्यावरच्या काकू बाहेर येऊन म्हणाल्या, "अगं, पीठ दळतेस की काय?"

पण फ्रेम्स! नव्वद. दहा मिनिटांनीही नव्वद. विमानतळावरच्या धावपट्टीसारखं गुळगुळीत सगळं. खेळ सोपा आहे: आपण पाच जणांनी एक गोदाम राखायचं, समोरच्या पाच जणांनी ते घ्यायचं. त्याला तीन वाटा, फाटक, उतार आणि छत. मी छतावर बसून एकेकाला टिपत होते. फाटक मुंगीकडे, ती आमच्यातली सगळ्यात चपळ मुलगी. कप्तान म्हणाली, "वा!" एवढंच. पण तिच्या तोंडून वा म्हणजे आमच्या शाळेत बक्षीस समारंभ.

शेवटची फेरी राहिली. दोन्हीकडे सारखे गुण.

आणि फ्रेम्स पडल्या. नव्वदवरून एकदम अठरा. कोपऱ्यात बॅटरीचं चित्र. चार्जिंग बंद! बॅटरीवर हे कार्ड उपाशी राहतं, तेही मी वाचलं होतं. वायर ओढून बघितली, सैल. म्हणजे आतून प्लग निघालाय. आत जायचं तर माउस सोडायचा, म्हणजे सामनाच सोडायचा. माउस हलवला तरी नेम जागचा हलेना. छतावर मी, आणि समोर एकामागून एक गोठलेले फोटो. एका फोटोत फाटक रिकामं. पुढच्या फोटोत फाटकात तीन जण.

"फाइल सरकली," शिट्टी बघत होताच. "दे मला जागा, दे."

मला रडू फुटणार होतं. खरंच. दिसत नाही, हात चालत नाही, मग मी तिथे आहे कशाला?

दिसत नाही म्हटल्यावर बाबा आठवले. जहाजाच्या खोल पोटात कंटेनर उतरवताना त्यांनाही खालचं काही दिसत नाही. खाली उभा असलेला माणूस वॉकीटॉकीवर बोलतो आणि बाबा त्याच्या आवाजावर हात हलवतात. आधी नाव, मग दिशा, मग अंतर. जेवताना हजारदा ऐकवलंय. आवाज डळमळला की पेटी डळमळते, असं ते म्हणतात.

इथे उलटं होतं. बाकीच्या चौघांचे हात चालत होते आणि छतावरून तिन्ही वाटा फक्त मला दिसत होत्या, फोटोंतून का होईना. आणि मी जिन्यात होते. घराबाहेर.

मी माइक चालू केला.

"मुंगी, उजवीकडे, फाटकाआड, दोन पावलं! कप्तान, उतारावर एक, खाली बस!"

"कोण बोलतंय?" कप्तान.

"मी! हेडक्लार्क! खाली बस म्हटलं ना!"

ती बसली. कप्तान माझ्या सांगण्यावरून बसली! गोळी डोक्यावरून गेली. मी जिना दणाणून सोडला. एकेक फोटो यायचा, मी वाचायचे, ते मारायचे. फाटकातले दोन गेले. उतारावरचा गेला. त्यांचे दोघे राहिले, आमचे तिघे, आणि वेळ संपत आलेली.

"मुंगी, पुढे, पुढे, फाटकापर्यंत, पळ!"

ती पळाली. फाटकाच्या बाहेर पळाली. पुढच्या फोटोत ती आडवी होती, त्याच्या पुढच्यात कप्तान, आणि त्याच्या पुढच्यात मी.

हरलो.

शिट्टीनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं असावं, कारण कप्तान त्याला म्हणाली, "तू गप." मग मला, "अठरा फ्रेमवर तू हे सगळं बघितलंस?"

"हो."

"आणि एवढा आवाज इतके दिवस कुठल्या फाइलीत ठेवला होतास?" लगेच पुढे म्हणाली, "जागा तुझीच. मंगळवारी सराव. चार्जर नीट लाव, आणि तोंड बंद ठेवलंस तर बघ."

मी हो म्हणेपर्यंत पाठीमागचं दार आत ओढलं गेलं आणि मी उताणी घरात पडले. वर बघितलं तर बाबा. बनियनवर, डोळे लाल, आणि हातात एक्स्टेंशनचा प्लग.

"पाणी प्यायला उठलो," ते म्हणाले. "पडद्याआडच्या अंधारात हे पायात आलं. परत लावायला सॉकेट सापडेना."

आज रात्री पुन्हा पाळी होती त्यांची. "बाबा, मी ओरडले ना. तुमची झोप..."

"झोपेन अजून. वेळ आहे." त्यांनी प्लग माझ्या हातात दिला. जायला वळले, परत वळले. "बऱ्याच वेळचा दाराशी उभा आहे. नाव, दिशा, अंतर, सगळं बरोबर होतं. आवाजही डळमळला नाही."

मी पडल्या पडल्याच हसले.

"पण त्या पोरीला पळ म्हणालीस," बाबा म्हणाले, "आणि थांब म्हणालीच नाहीस. खालचा माणूस थांब म्हणेपर्यंत माझा हात चालूच राहतो. पेटी जाते मग समुद्रात."

ते आत गेले आणि पडदा ओढून घेतला. मी दार हलकेच लावलं, वायर गुंडाळली, लॅपटॉप परत शांत मोडवर ठेवला. मग मुंगीला लिहिलं, चूक माझी होती, मंगळवारी "थांब"सुद्धा मी सांगेन.