तुटला होता फक्त पट्टा

मित्रांनो, मी एक जुनी पाठपिशवी आहे आणि मी भयंकर चिडलेली आहे. आपली कहाणी सांगताना गोड बोलायचं असतं म्हणे. मला आज ते जमायचं नाही.

अमेरिकेतल्या मोंटानाच्या डोंगरपायथ्याशी लोर्नाने मला शिवलं, तिच्या थोरल्या भावासाठी, ऑरिनसाठी. कापड त्यांच्या वडिलांच्या घोंगडीचं. शिकारीत लोकर झुडपाला घासली तरी आवाज करत नाही, म्हणून. माझ्या कडेला चामड्याची एक लांब खोळ होती. तिच्यात ऑरिनचं लाकडी धनुष्य उभं राहायचं, पण दोरी उतरवूनच. चालताना दोरी उतरवायची, दबा धरायच्या जागी पोचलं की चढवायची, हा त्या घरातला नियम. ताणलेलं लाकूड दिवसभर जखडलं की पिळवटतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल.

आणि धनुष्य तरी कसलं! मामाने कॅन्ससहून आणलेला पिवळ्या लाकडाचा ओंडका ऑरिनने नऊ वर्षं माळ्यावर वाळवला, मग अख्खा हिवाळा बसून तासला. मी आणि ते धनुष्य, आम्ही दोघांनी एकवीस वर्षं ऑरिनच्या पाठीवर काढली. एल्क हरणाचं मांस घरी आलं की लोर्ना आधी माझ्यावर थाप मारायची, मग भावावर.

या ऑगस्टमध्ये माझा एक पट्टा तुटला. एकच! लोर्ना शेजारच्या घरात राहते. पण ऑरिन मला घेऊन गेला दुकानात.

"काका, हे बोचकं आता फेका," दुकानदार म्हणाला. "ही घ्या. धनुष्य चढवलेलंच ठेवा, या दोन कड्या आवळा, जनावर दिसलं की काढा अन् मारा!"

ती पिशवी चाकांच्या यांत्रिक धनुष्यांसाठी बनवलेली होती, ज्यांची दोरी कायम चढवलेलीच असते. ऑरिनला हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं! पण नव्या वस्तूपुढे त्याने अक्कल गहाण टाकली. वर आणखी, मांस आणायला बरी म्हणून मला घडी घालून तिच्याच पोटात कोंबली.

सप्टेंबरात निघताना लोर्ना फाटकाशी उभी होती.

"अरे, दोरी चढवलेली? बाबांनी कान पिरगळला असता तुझा!"

"नवी पद्धत आहे गं."

"पद्धत नवी, पण लाकूड तेच ना?"

"सकाळी सकाळी कटकट नको."

सहा तास उन्हात चाललो. आतून मला लाकडाची कुरकुर ऐकू येत होती आणि मला ओरडता येत नव्हतं. दुपारी वीस पावलांवर एल्क येऊन उभा राहिला. ऑरिनने कडी सोडली. खट्ट! त्या आवाजाने एल्क पळाला. घाईघाईत त्याने तरीही दोरी ओढली. पिळवटलेल्या टोकावरून ती निसटली आणि धनुष्य उभं चिरलं.

घरी लोर्नाने ते हातात घेऊन बराच वेळ पाहिलं.

"पट्टा माझ्याकडे का नाही आणलास?"

"तुला कशाला त्रास, म्हटलं."

"त्रास? अर्ध्या तासाचं काम होतं रे, गाढवा!"

आणि खरोखर अर्ध्या तासात तिने मेणाच्या दोऱ्याने तो शिवला. रडत रडत शिवला.

मित्रांनो, घरात शिवणारे हात आहेत तोवर त्यांच्याकडे जा. लाजू नका. आणि जे तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे, ते दुकानात विसरू नका. मला फेकलं असतं तरी मी एवढी चिडले नसते. पण माझ्या जिवाभावाच्या सोबत्याचा काय गुन्हा होता?

मी आता धडधाकट आहे. खोळ तेवढी रिकामी आहे. ऑरिनने माळ्यावर नवा ओंडका वाळत ठेवलाय. त्याला नऊ वर्षं लागतील. ऑरिन एक्क्याऐंशी वर्षांचा आहे.