ज्या दिवशी मी उजळलो नाही

मित्रांनो, मी एक जुना रंग आहे. बोटाच्या पेराएवढ्या तपकिरी कुपीत, पुण्यातल्या एका प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये अगदी तळाशी पडून असतो. माझ्या हातून जे घडलं ते सांगताना आजही मला लाज वाटते.

क्षयाच्या जंतूभोवती मेणचट कवच असतं. ते बांधायला जिवंत जंतू एक साखर वापरतो. माझ्या अंगाला तीच साखर जोडलेली आहे. जंतू मला साखर समजून कवचात बसवतो. पाण्यात मी विझलेला असतो, पण त्या मेणात शिरलो की हिरवागार उजळतो. मेलेला जंतू काही बांधत नाही, म्हणून तिथे अंधारच राहतो. औषधाने जंतू मेले की नाही हे ओळखायला एरवी सहा आठवडे लागतात. मी ते तासाभरात सांगावं, अशी आशा होती.

मला उत्कर्षाने घडवलं. ती वाशिमहून शिकायला आलेली, सदाशिव पेठेत खोली घेऊन राहायची. चार वेळा मी बिघडलो, पाचव्यांदा जमलो. मायक्रोस्कोपखाली मी पहिल्यांदा उजळलो तेव्हा तिने प्रयोगशाळेच्या प्रमुख श्यामलाबाईंना बोलावलं. बाईंनी बराच वेळ पाहिलं.

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "असंच दहा वेळा करून दाखवा, मग पेढे आणा."

दहा वेळा झालं. पेढेही आले. २०१८ साल होतं. लांबलांबचे लोक मला पाहायला येऊ लागले आणि मित्रांनो, मला गर्व झाला.

माझ्यासाठी दोन नियम होते. मला चंदेरी कागदात गुंडाळून ठेवायचं, उजेड लागू द्यायचा नाही आणि रोज आधी जिवंत जंतूंच्या काचेवर मला तपासायचं, मगच रुग्णाचा नमुना घ्यायचा.

एकदा पाहुण्यांना दाखवायला मला चंदेरी कागदातून बाहेर काढलं आणि दुपारभर मी खिडकीतल्या उन्हात राहिलो. माझं बळ ओसरत गेलं. ते मला कळत होतं, पण सांगणार कसं? दुसऱ्या दिवशी उत्कर्षाला अहवाल द्यायची घाई होती. तपासणीची काच तिने लावलीच नाही. नागोराव नावाच्या रुग्णाच्या थुंकीत तिने मला घातलं. त्यातले जंतू जिवंत होते. त्यांनी मला आत घेतलं, तरी मी उजळलो नाही.

नागोराव हिंजवडीच्या एका आयटी कंपनीत पहारेकरी होता. खालच्या मजल्यावरच्या दवाखान्यात औषधासाठी यायचा. त्या दिवशी तो वर येऊन प्रयोगशाळेच्या दारातच थांबला होता.

"मॅडम, तुम्ही वाशिमच्या ना? बोलण्यावरून वळखलं. मी तिकडलाच. वारज्याला राहतो." मग जरा थांबून म्हणाला, "अडीच महिने झाले, पोरगी दारातून पाहते. आता जवळ घेतलं तर चालते काय?"

आमचे निकाल रुग्णाला सांगायचे नसत, ते फक्त संशोधनासाठी होते. पण गावाकडचा माणूस, त्यात असा प्रश्न.

"जिवंत जंतू दिसले नाहीत, भाऊ," उत्कर्षा म्हणाली. "घ्या जवळ."

त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी कुपीतून पाहिला. तो माझ्यामुळे होता आणि खोटा होता.

सहा आठवड्यांनी नेहमीच्या तपासणीचा निकाल आला. जंतू जोमाने वाढले होते. त्यांना साधं औषध लागूच पडत नव्हतं. श्यामलाबाईंनी वही उघडली.

"त्या दिवशीची तपासणीची काच?"

"लावली नव्हती."

"आणि रुग्णाला निकाल सांगायचा नाही, ही पाटी भिंतीवर कुणासाठी आहे? पालींसाठी?"

 उत्कर्षाने मला जिवंत जंतूंच्या काचेवर घातलं. अंधारच दिसला. ती तिथेच स्टुलावर बसली.

नागोराव चार वर्षांच्या सोनूला घेऊन आला. पोरीच्या मानेला गाठ आली होती, ताप हटत नव्हता. उत्कर्षा त्याच्यासमोर उभी राहिली.

"भाऊ, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. रंग बिघडला होता आणि मी तो तपासला नव्हता."

"सहा हप्ते माह्या कुशीत झोपली ती," तो म्हणाला. मग पोरीला कडेवर घेत म्हणाला, "आता तिचं काय करायचं ते सांगा मले."

दोघांनाही वेगळी औषधं सुरू झाली. दीड वर्ष लागलं, पण दोघंही बरी झाली. मात्र त्या औषधांच्या सुयांनी सोनूच्या डाव्या कानाचं ऐकू येणं कमी झालं, ते परत आलं नाही. तिला हाक मारायची तर उजव्या बाजूने जावं लागतं, हे मी उत्कर्षाच्याच तोंडून ऐकलं. 

उत्कर्षाने मला फेकलं नाही. 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावून तळाशी ठेवलं. नवे विद्यार्थी आले की ती मला बाहेर काढते आणि नागोरावची हकिकत स्वतःची चूक न लपवता सांगते. मला तेव्हा कुपीत लपावंसं वाटतं.

मित्रांनो, हातातल्या वस्तूंना जपा. आणि नुसतं जपू नका, कामाला घेण्याआधी त्यांना तपासा. आम्ही मुके असतो, बिघडलो तरी आपणहून सांगू शकत नाही. त्या सकाळी मला एका काचेवर विचारलं असतं, तर मी काळाठिक्कर राहून खरं उत्तर दिलं असतं.