बिनपॉलिशची हळद

निताने तिसरी काचेची बशी उजेडाकडे धरली आणि तिचा चेहरा उतरला. या बशीत हळद नव्हतीच. औषधाची चकती आणि हळकुंडांना चकाकी आणायचा पिवळा रंग, एवढंच होतं. तरी चकतीभोवतीचे जंतू मरून रुंद, स्वच्छ कडं उमटलं होतं. हळदीच्या बशीत उमटलं होतं, अगदी तसंच.

हा जंतू वसरामकाकाच्या जखमेतला. नांगराचा फाळ लागल्याचं निमित्त झालं, औषधांमागून औषधं बदलली, आणि शेवटी गुडघ्याखाली पाय कापावा लागला. हिंगोलीच्या कॉलेजात एम.एस्सी. करणाऱ्या निताने मग हट्टाने हाच विषय घेतला. ज्या औषधाला जंतू दाद देत नाही, त्याला हळदीची जोड दिली तर? जोड दिली आणि जंतू मेला. तिचे विजयकुमार सर हरखले. औरंगाबादच्या परिषदेत निबंध वाचायचं ठरलं.

घोळ केला तो निताच्या वडिलांच्या, बापूंच्या प्रेमाने. डोंगरकड्याजवळच्या त्यांच्या तांड्यावर घरी खायची हळद निराळी ठेवतात, बिनपॉलिशची, मातकट. पण पोरीच्या सरांकडे जायची म्हटल्यावर बापूंनी बाजारासाठी ड्रममध्ये घोळलेली, रंग दिलेली हळकुंडं बांधून दिली. पाहुण्याला फाटकी सतरंजी कोण अंथरतं? परवा घरी गेलेल्या निताने ड्रममध्ये रंगाची पुडी रिकामी होताना पाहिली, तेव्हा तिला शंका आली, जंतू हळदीने मेला की रंगाने? येताना ती चिमूटभर रंग घेऊनच आली.

सरांनी तिसरी बशी पाहिली, चष्मा पुसला. परिषदेत कोणी रंग तपासायला बसत नाही, हळदीचं नाव होतंय तर होऊ दे, पुढचं पुढे बघू, असं ते समजुतीने म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पण निताचं डोकं तडकलं.

"सर, काका कुबडीवर चालून राहिला. त्याच्या पायाच्या नावानं मी खोटं वाचनार न्हाई."

"मग निबंधावरून तुझं नाव काढावं लागेल."

"काढा. पन माझ्या बश्या बी मिळनार न्हाईत."

त्याच दिवशी ती तांड्यावर गेली. असली काळपट हळद साहेबापुढे नेलीस तर तांड्याची लाज जाईल, असं बापू म्हणत राहिले. लाज रंगाने जाते, असं ठणकावून तिने पिशवी भरली.

परिषद सरांच्या निबंधाविनाच पार पडली. ते बरेच दिवस तिच्याशी तुटक वागले. नव्या बश्या तयार झाल्यावर मात्र स्वतःहून तिच्या टेबलाशी आले. नुसत्या हळदीभोवती जंतू मजेत वाढले होते, नुसत्या औषधाभोवतीही. दोन्ही एकत्र होती तिथे तेवढं बारीकसं कडं होतं, नखाच्या कडेएवढं.

"एवढंसंच?"

"एवढंसं हाय सर, पन हळदीचं हाय."

सरांनी स्टूल ओढलं आणि मोजपट्टी मागितली. निताने पट्टी दिली, बशी मात्र स्वतःच्याच हातात धरून ठेवली.